पहिला नंबर

समस्त ग्रामस्थांस कळविण्यात येते की, रेवदंड्याच्या स्टँडवरील पहिल्या रिक्षाची मागची सीट गेले काही दिवस कोणीही पुसलेली नाही. बाब गंभीर आहे. हसू नका.

ती सीट पुसायचा तो. हातात पिवळं फडकं, आणि कोणी जवळ आलं की ठरलेलं वाक्य: "बसा, पुसलंय." कोणी बसत नसे, ही गोष्ट वेगळी.

स्फोटाच्या एका खटल्यात शिक्षा भोगून आला होता. चुकून अडकलेला नव्हे. स्फोटाचं सामान त्याने, काय आहे हे माहीत असून, स्वतःच्या घरात ठेवून घेतलं होतं. असा माणूस सुटून रिकामा बसला तर पुन्हा त्याच मंडळींत जाईल, म्हणून अलिबागच्या एका संस्थेने त्याला रिक्षा दिली. अट एकच: वर्षभर रोज धंदा करायचा. गाडी उभी राहिली की संस्था परत नेणार.

झालं! स्टँडसमोरच माझी चहाची टपरी, त्यामुळे या नाटकाचं पुढच्या रांगेतलं तिकीट मला फुकट.

"माझ्या पोराला बँक दारात उभं करीत न्हाय, आनि याला रिक्षा?" स्टँडचे पुढारी नाना गरजले. "उद्या आमीपन फोडतो कायतरी, म्हंजे बंगलाच मिळंल!"

मी टाळ्या वाजवल्या. ठरलं, याच्या गाडीत कोणी बसायचं नाही. गाडी आपोआप परत जाईल.

बेत झकास होता. फक्त एक गोष्ट सगळे विसरले. पहिला नंबर भरून सुटल्याशिवाय मागच्याने पॅसेंजर घ्यायचा नाही, हा इथला कायदा. कायदा नानांचाच, आणि त्यासाठी त्यांनी भल्याभल्यांच्या कॉलरी धरलेल्या. पहिल्याच सकाळी तो सगळ्यांच्या आधी येऊन पुढे लागला. पॅसेंजर बसेना, रांग हलेना. मागे हॉर्न, पुढे पिवळं फडकं.

"गाडी बाजूला घे," नाना म्हणाले.

"घेतो नाना. पन मग उद्या नंबर मोडला म्हनून कुनाला बोलू नका."

नानांचा चेहरा! वाळत घातलेला बोंबील त्याहून टवटवीत दिसतो.

शेवटी पाटी सावरत एक कोळीण आत घुसली. तिला सगळे आत्या म्हणतात. "माजा बर्फ वितळतोय. तुमचं देशप्रेम मासळीला लावू काय?"

"बसा, पुस—"

"तू गप! तुजं थोबाड बगाया न्हाय बसले!"

चौलपर्यंत शिव्या, आणि चौलपासून अलिबागपर्यंत पुन्हा त्याच. मग रोजचा हाच क्रम झाला. आत्या बसे, तिच्यामागून नाइलाजाने आणखी दोघे. त्याच्याशी बोलत कोणी नसे. एकदा आत्यानेच विचारलं, "रात्री झोप लागते का रं मेल्या?" तो म्हणाला, "न्हाय लागत, आत्या." हे तिने मला टपरीवर सांगितलं आणि चहा अर्धा टाकून निघून गेली.

गेल्या आठवड्यात लांबच्या कुठल्या शहरात स्फोट झाला, आणि पोलिसांची जीप थेट स्टँडवर आली. तो सीट पुसत होता. चौकशीला नेला. "आम्ही म्हणालो नव्हतो?" असं सगळे एका सुरात म्हणालो. तो अजून आलेला नाही. रिक्षा पहिल्या नंबरावर तशीच. बाकीचे तिच्या बाजूने गाड्या काढतात आणि नाना दुसरीकडे बघतात.

आज सकाळी संस्थेची दोन माणसं आली. अट मोडली, गाडी न्यायची. नानांचा विजयदिन! मी गल्ल्यावरून उठून उभा राहिलो. दोघे ढकलायला वाकतात तोच आत्या पाटीसकट आत चढली, सीटवरच्या फडक्याने कपाळ पुसलं आणि नानांकडे बघत बसली.

नानांनी खाकी शर्टाची वरची गुंडी लावली.

"हात काडा त्या गाडीवरनं!" ते ओरडले. "हरामखोर आसंल तो, पन पयला नंबर त्याचा हाय!"