अर्ध्यावर सोडायचा मंत्र

संध्याकाळी सातच्या सुमाराला तिने हेडफोन कानावर चढवला की आधी कोणाचा तरी खोकला ऐकू येई, मग खुर्ची ओढल्याचा आवाज, आणि मग कोणीतरी विचारी, "पेन्सिल आली का?"

या प्रश्नासाठी ती दिवसभर थांबलेली असे. घरात तिला असं कोणी विचारत नसे आणि त्यात कोणाचा दोषही नव्हता. ती कायम घरातच असे. जे माणूस आहेच, ते आलं का म्हणून कोण विचारणार? घरात तिघंच होती: तिचा थोरला भाऊ, वहिनी आणि ती. मागची खोली तिची. खोलीत एक पलंग, एक कपाट, आणि नोकरीसाठी दूर गेलेल्या भाच्याने मागे ठेवलेला कॉम्प्युटर. वहिनींना मूल नव्हतं. हा भाचा धाकट्या बहिणीचा. मध्यंतरी पाय मोडून ती अंथरुणाला खिळली तेव्हा त्याने फोनवरून समजावत तिला हा खेळ लावून दिला होता. "पडल्या पडल्या पानं गोळा कर मावशी, वेळ जाईल," एवढंच तो म्हणाला होता.

पाय बरा झाला, पानं गोळा करणं मात्र चालूच राहिलं. तो खेळ म्हणजे एक मोठा मुलूख होता, आणि त्यात हजारो माणसं आपापल्या घरून एकाच वेळी वावरत. कोणी योद्धा, कोणी चोर, कोणी मांत्रिक. ती मांत्रिक होती. खेळातलं नाव तिने 'पेन्सिल' घेतलं, कारण विचारलं तेव्हा समोर तीच पडली होती. जंगलात फिरून पाला गोळा करायचा आणि त्याची औषधं करायची, एवढं ती करी. ती ज्या टोळीत होती तिच्यातली दहाही माणसं तिच्याच बाटल्या पिऊन लढाईवर जात. लढाई खेळाने निर्माण केलेल्या राक्षसांशी असे, आणि ती मागे उभी राही. कोणी जखमी झालं की पुढे होई.

टोळीच्या म्होरक्याला सगळे मुकादम म्हणत. पोटासाठी तो लिफ्ट दुरुस्त करी. एके दिवशी त्याने सगळ्यांना बोलावून घेतलं.

"औषधं आता खेळाच्या दुकानातच मिळणार," तो म्हणाला. "पाहिजे तेवढी. म्हणजे पालेवाल्यांचं काम संपलं. आणि आपला डोंगर खुल्या मारामारीत गेलाय. येणाजाणारा कोणीही वार करणार. समोरच्या माणसाशी लढता येत नाही त्याला ठेवून उपयोग नाही. खेळाचा हा हंगाम संपताना मी एकेकाशी तीन फेऱ्या खेळणार. दोन जिंकाल तर राहाल."

"म्हणजे पेन्सिलताईंना काढणार?" एका बाईचा आवाज आला.

"मी कोणाचं नाव घेतलं का? तूच घेतलंस."

ती बाई एका रुग्णालयात एक्सरे काढायची, म्हणून तिचं नाव एक्सरे. तिशीतली, जिभेला धार असलेली. तिने त्याच दिवशी पेन्सिलताईला शिकवायचं मनावर घेतलं. रविवारी दुपारी दोघी खेळातल्या एका ओसाड दगडखाणीत भेटू लागल्या. तिकडे सहसा कोणी फिरकत नसे.

पहिल्या दुपारी ताई इतक्या वेळा मेली की शेवटी तिचं तिलाच हसू आलं.

"मरता त्याचं काही नाही हो ताई," एक्सरे म्हणाली. "दर वेळी एकाच पद्धतीने मरता, त्याचं आहे. राक्षस डोकं वापरत नाही. माणूस वापरतो. मी तुमच्याकडे बघत उभी आहे ना."

मग तिने गणित मांडलं. मांत्रिकाला मंत्र पुरा करायला दोन सेकंद लागतात. तेवढ्यात समोरच्याने लाथ घातली की मंत्र तुटतो, आणि वर काही काळ तोंडही बंद होतं. पण लाथ एकदा घातली की ती पुन्हा घालायला त्यालाही थांबावं लागतं. तेव्हा मंत्र म्हणायला लागल्यासारखं करायचं आणि मधेच सोडून द्यायचा. एक पाऊल टाकलं की मंत्र सुटतो. त्याची लाथ हवेत जाते. मग खरा मंत्र म्हणायचा.

"हूल द्यायची," ताई म्हणाली.

"शंभर टक्के. चला, द्या."

तिने मंत्र सुरू केला. पाऊल टाकायचं बटण डाव्या हाताच्या मधल्या बोटाखाली होतं. बोट तिथेच होतं. दोन सेकंद गेली, लाथ बसली, ती मेली.

"सोडायचा होता."

"कळतंय मला."

"मग?"

"बोट हलत नाही."

असं दोन रविवार चाललं. तिसऱ्या रविवारी एक्सरे वैतागली. "कुणी लावली तुम्हाला ही सवय? म्हणायला घेतलं की पुरंच करायचं. शाळेत बाकावर उभं केलं होतं का?"

शाळेत नव्हतं. ती न्यायालयात लघुलेखक होती. न्यायाधीश निकाल सांगत, ती उतरवून घेई. अगदी नवी असताना एका साहेबांनी वाक्य मध्यावर आणून सोडलं आणि ते खिडकीबाहेर बघत बसले. तीही थांबली. दुपारी टाइप केलेला कागद त्यांच्यासमोर गेला, त्यात ते वाक्य तसंच लोंबकळत होतं. साहेबांनी आवाज चढवला नाही. "मी थांबलो," ते म्हणाले. "तुम्ही का थांबलात?"

त्यानंतर ती थांबली नाही. साहेब बदलत गेले. कोणी वाक्य सोडून चहाला उठे, कोणाला शिंक येई, कोणी नुसता हात हलवून "वगैरे" म्हणे. तिच्या कागदावर वाक्य पुरं झालेलं असे आणि ते साहेबांना आपलंच वाटे. पुढे बोललेलं आपोआप उतरवणारं यंत्र आलं. त्याच्या चुका काढायला तिला काही काळ ठेवलं, मग यंत्र चुका करेना. साहेब थांबले की तेही थांबे, वाक्य अर्धंच राही. त्याबद्दल कोणी ब्र काढला नाही. तिने मुदतीआधी निवृत्ती घेतली.

हे सगळं तिने एक्सरेला सांगितलं नाही. "नोकरीतली सवय," एवढंच म्हणाली.

"मग घरी सराव करा. चमचा उचला, ठेवून द्या. दार उघडायला जा, परत या. हाताला कळू दे की जग बुडत नाही."

तिने सल्ला जसाच्या तसा उतरवून घ्यावा तसा पाळला. सकाळी पाणी पिताना पेला ओठापर्यंत नेऊन खाली ठेवला. जिन्याच्या तिसऱ्या पायरीवरून मागे फिरली. बोलण्यातही तिने तेच सुरू केलं.

"वन्सं, कपडे वाळत घातलेत का?" वहिनींनी विचारलं.

"घातलेत, पण तो निळा टॉवेल..."

वहिनी थांबल्या. "टॉवेलचं काय?"

"काही नाही."

"काही नाही काय? फाटला, हरवला, उडाला, काय झालं काय?"

"काही नाही, आहे तिथेच."

"असं अर्धवट नका हो बोलू. जीव टांगणीला लागतो माणसाचा."

चारआठ दिवसांत हे वाढलं. भाऊ जेवताना बातम्या सांगे, आणि ती "मला वाटतं, त्याने" एवढं बोलून वाटीत बघत बसे. तिला फार जड जाई. वाक्य आत पुरं तयार असे, जिभेच्या टोकावर धक्के देई. पण बोट सुटू लागलं होतं. खाणीत एक्सरेची पहिली लाथ वाया गेली त्या दुपारी हेडफोनमध्ये आधी तिचं हसू ऐकू आलं. मग एक्सरे म्हणाली, "फसवलंत की मला." ताईला त्या रात्री जेवण गेलं नाही, इतकी ती खूश होती. वहिनींनी तेही मनात टिपून ठेवलं.

भावाचा चेहरा उतरत चालला होता. एकदा स्वयंपाकघरात तो वहिनींशी दबक्या आवाजात बोलत असताना तिच्या कानावर पडलं. "आईचं असंच सुरू झालं होतं. आधी वाक्यं अर्धी राहायची. मग आपण कोण तेच..." त्याचंही वाक्य अर्धंच राहिलं.

तिने आत जाऊन सांगायला हवं होतं. दारापर्यंत गेलीही. पण सांगायचं काय? या वयात खेळातल्या माणसांनी मला काढू नये म्हणून मी अडखळायला शिकते आहे? भाऊ हसला असता तर चाललं असतं. तो समजूतदारपणे मान हलवील, याची तिला धास्ती वाटली. ती परत फिरली.

शेवटी तो तिला डॉक्टरांकडे घेऊन गेला. डॉक्टरांनी तिला आठवड्याचे वार उलटे म्हणायला लावले, कागदावर घड्याळाचं चित्र काढायला लावलं. तिने दोन्ही बिनचूक केलं. डॉक्टर म्हणाले, सुरुवातीला हा आजार असाच चकवतो. त्यांनी गोळ्या दिल्या, आणि भावाला बाजूला घेऊन सांगितलं की बोलताना घाई करू नका, त्यांना वेळ द्या.

तेव्हापासून ती बोलता बोलता थांबली की दोघंही थांबत. "टॉवेलचं काय?" असं वहिनी आता विचारत नसत. नुसत्या बघत, मायेने. ते बघणं तिला झेपेना. पण परीक्षा पुढच्या रविवारी होती. तेवढी झाली की सगळं सरळ सांगून टाकू असं तिने ठरवलं. टोळीत राहिले तर सांगायला तोंडही राहील.

रविवारी दुपारी भाऊ-वहिनी झोपली होती. तिने दार लोटून घेतलं. खाणीत सगळी टोळी जमली होती, कडेने उभी. चौघांचं आधीच झालं होतं. तिघं राहिले, एकाला काढलं होतं. तो निघून गेला होता.

"या पेन्सिलताई," मुकादम म्हणाला. त्याचा योद्धा कुऱ्हाड घेऊन मधे आला.

पहिल्या फेरीत तिने मंत्र सुरू केला आणि सोडला. मुकादमची लाथ हवेत गेली. तिने खरा मंत्र म्हटला, मग दुसरा, आणि योद्धा गुडघ्यावर आला. कडेला एकच गलका झाला. कोणीतरी म्हणालं, "मुकादम, लिफ्ट खाली गेली रे." तोही हसला.  ताईने हेडफोन नीट बसवला.

दुसऱ्या फेरीत तिने हूल दिली. मुकादम जागचा हलला नाही. तिने खरा मंत्र घेतला आणि त्याची लाथ नेमकी बसली. तोंड बंद. कुऱ्हाडीने पुढचं काम केलं.

तिसऱ्या फेरीत तिने दोनदा हूल दिली. दोन्ही वेळा तो उभाच. मग तिने हूल न देता थेट मंत्र म्हटला, तर लाथ बसली. जणू तिच्या मनातलं कोणीतरी त्याला मोठ्याने वाचून दाखवत होतं. ती पडली तेव्हा तिचे तीन मंत्र वापरायचे राहिले होते.

 

"हूल चांगली होती ताई," मुकादम म्हणाला. आवाजात राग नव्हता, गोडवाही नव्हता. "पण तुम्हाला सोडायचा असतो तेव्हा तुम्ही मंत्र घ्यायच्या आधीच जरा मागे सरकता. म्हणायचा असतो तेव्हा सरकत नाही. पहिल्या फेरीनंतर ध्यानात आलं. लिफ्ट थांबणार असली की आधी हलकी होते ना, तसं."

"मग ते सुधारता येईल," एक्सरे म्हणाली. "आणखी एक हंगाम दे त्यांना."

"मघाशी गेला त्यालाही मी दिला नाही."

ताईला त्याचं म्हणणं पटलं, हेच वाईट होतं. अर्ध्यावर सोडणंही ती आधी पुरतं ठरवून, जागा करून घेऊन करत होती. तिच्या बोटाने शिकलं ते एवढंच. "तुमचं बरोबर आहे," ती म्हणाली. "मी तुम्हा सगळ्यांची" एवढं बोलली, तोवर तिचं नाव यादीतून गेलं होतं आणि आवाज बंद झाले होते. मुकादमने मुद्दाम मधे तोडलं नसावं. त्याला वाटलं असेल, बोलणं झालं.

पुढच्या रविवारी एक्सरे खाणीत आली. थोडा वेळ दोघी लढल्या. मग म्हणाली, टोळीचा सराव आता याच वेळेला असतो, जमेल तसं येईन. त्यानंतरच्या रविवारी ताई एकटीच होती. समोर कोणी नसताना तिने मंत्र घेतला आणि सोडला, पुन्हा घेतला आणि सोडला. मागे न सरकता सोडायला तिला जमत होतं की नाही, हे सांगायलाही कोणी नव्हतं. पाला गोळा करावा म्हणून ती जंगलात गेली. दुकानातून घेतलेली बाटली कमरेला लावलेला कोणी अनोळखी झाडामागून आला आणि तिला मारून पुढे गेला.

दुसऱ्या दिवशी सात वाजता ती बाहेर येऊन बसली. वहिनी मटार सोलत होत्या. तिने निम्म्या शेंगा आपल्यापुढे ओढल्या.

"आज तुमचं ते नाही का, कानाला लावायचं?" वहिनींनी विचारलं.

"नाही, ते आता बंद केलं आहे."

"बरं केलंत. डोक्याला ताण नको." वहिनींनी जरा वाट पाहिली, वाक्य आणखी काही पुढे आहे का म्हणून. काही नव्हतं. "निळा टॉवेल कुठे दिसत नाही पण."

"तो मी काल धुवून तुमच्या कपाटात दुसऱ्या खणात ठेवला आहे."

वहिनींनी मटाराचं ताट खाली ठेवलं. आत असलेल्या भावाला हाक मारली. तो दारात आला तेव्हा त्या म्हणाल्या, "ऐकलंत का, वन्सं कशा सरळ बोलल्या. गोळ्या लागू पडल्या बघा."

भाऊ तिच्याजवळ येऊन बसला. कितीतरी दिवसांनी तो मोकळेपणाने हसला. "बरं वाटतंय ना आता?"

त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. आता काही सांगणं म्हणजे ते काढून घेणं होतं.

"हो दादा," ती म्हणाली, "आता मला अगदी बरं वाटतं आहे."