एव्हारिस्तच्या टिकीची बेंबी

आमच्या उआ हूका बेटावर कुणाच्या चुलीवर काय शिजतंय ते वासावरून कळतं आणि कुणाच्या डोक्यात काय शिजतंय ते चालीवरून. धक्क्याजवळच्या झाडाखाली बसून गेली वीस वर्षं मी दुसरं काही केलेलं नाही. म्हणून एव्हारिस्त एकाच सकाळी चौथ्यांदा धक्क्यावर आला आणि समुद्राकडे बघितल्यासारखं करून परत फिरला, तेव्हा मी हाक मारली.

“काय रे, जहाजाला अजून नऊ दिवस आहेत. पोहत येतंय का कुणी?”

“खिळे बघायला आलो होतो.”

“धक्क्यावर?”

“कोऊआ, तू तुझं नारळपाणी पी.”

कोऊआ म्हणजे म्हातारा. माझं खरं नाव आता फक्त पाद्रीबाबांच्या वहीत उरलंय.

एव्हारिस्त टिकी, म्हणजे आमच्या पूर्वजांचे पुतळे, कोरतो. साठीचा आहे, ग्राइंडरच्या आवाजानं डावा कान गेलाय, त्यामुळे बायकोला तो नेहमी डाव्या बाजूला बसवतो. बटबटीत डोळे, कानापर्यंत गेलेलं तोंड, दुमडलेले गुडघे, पोटावर ठेवलेले हात: असे हजारभर टिकी त्यानं चाळीस वर्षांत जहाजावर चढवले असतील. घेणारे मग फोटो पाठवतात. एकानं न्हाणीघरात साबणाशेजारी ठेवला. एकीनं त्याला लोकरीची टोपी घातली. कुठल्याशा दातांच्या डॉक्टरनं दवाखान्याच्या दारात उभा केला, तोंड उघडं आहेच म्हणून. आम्ही हसून लोळायचो. एव्हारिस्तला त्याचं काही नव्हतं. “गेला तो गेला,” म्हणायचा आणि पुढचा ओंडका ओढायचा.

स्वतःच्या घरात मात्र एक टिकी नाही. बायको युफ्राझी हिच्या बैठकीत मेरीमाता, तिला शिंपल्यांची माळ, प्लास्टिकची फुलं आणि मासोळीच्या आकाराचं घड्याळ. बस.

तर त्या येरझाऱ्यांचं मूळ एका निरोपात होतं. तो एव्हारिस्तच्या आधी गावाला कळला, कारण युफ्राझीनं तो चर्चच्या पायरीवर मोठ्यानं वाचला. त्यांची लेक ताहिआ दूर पापीती शहरात राहते, तिसऱ्या मजल्यावर. नुकतीच बाळंत झालेली. तिनं घरातल्या एका कोपऱ्याचा फोटो पाठवला होता आणि खाली लिहिलं होतं: पापा, टीव्ही आणि सोफ्याच्या मधे तुझा टिकी हवा. सत्तर सेंटिमीटरच्या वर नको, पडदा अडतो. बाळाला दाखवायला जहाजानं येतेय. जहाज चार तास थांबेल. तयार ठेव.

“सोफ्याच्या मधे!” युफ्राझी म्हणाली. “माझ्या नातवानं डोळे उघडले की समोर तो बेडूकतोंड्या! मेरीमातेची तसबीर मागितली असती तर मी दोन दिल्या असत्या.”

मी दुसऱ्या दिवशी त्याच्या पडवीत डोकावलो. पहिला ओंडका उभा चिरला होता. दुसऱ्याचा कान उडाला होता. तिसरा अर्धामुर्धा कोरून डुकरांच्या कोंडवाड्यात फेकलेला, आणि डुकरं त्याला अंग घासत होती. एव्हारिस्त चौथ्याभोवती फिरत होता. पटाशी घ्यायचा, ठेवायचा, नळाखाली हात धुवायचा, परत पटाशी घ्यायचा.

“जेवताना उठतो,” युफ्राझी मला दारातच म्हणाली. “काल नीरफणसाच्या पोपोईचा वाडगा हातात घेऊन घोड्यावर बसला आणि वरच्या रानात जाऊन आला. वाडगा तिकडेच. कोऊआ, याला काहीतरी विचार. माझं तर ऐकूच येत नाही त्याला.”

“तू डावीकडून बोलत असशील.”

“गप रे म्हाताऱ्या.”

विचारायची गरज नव्हती. एव्हारिस्तचं गुपित मला पंचवीस वर्षांपासून माहीत आहे आणि एवढी वर्षं मी ते पोटात ठेवलं, हे लोक माझ्याविषयी कधी मान्य करणार नाहीत. त्याच्या टिकींना बेंबी नसते. बेटावरचे बाकीचे कारागीर कोरतात आणि बिनघोर विकतात. हा एकटा कोरत नाही. पोटावरच्या हातांची बोटं तो अशी जवळ आणतो की लक्षातच येत नाही. आलं ते एकदाच, ताहिआच्या. सहा वर्षांची होती. बोटांच्या खाली चाचपत ती माझ्यादेखत ओरडली होती, “पापा, याला बेंबीच नाही! याला आई नव्हती का?”

“नव्हती,” तो म्हणाला होता. “म्हणूनच परक्यांकडे पाठवतो.”

याचं कारण त्याच्या बापाच्या गोष्टीत होतं. बापानं वरच्या रानातला एक जुना, बेंबी असलेला दगडी टिकी उचलून आणला आणि शोभेसाठी दाराशी ठेवला. वर्षाच्या आत घोडा कड्यावरून गेला, धाकटी मुलगी तापानं गेली आणि बापाची पाठ धरली. त्या धरलेल्या पाठीवरच दगड बांधून तो परत ठेवून आला. एव्हारिस्त तेव्हा लहान होता, पण बापाचं ते वाकून चढण चढणं त्यानं पाहिलं होतं.

“बेंबी कोरली तर तो जन्माला आला,” एव्हारिस्त आता मला म्हणाला. पटाशीनं हवेतच भोक पाडत होता. “जन्मलेल्याला परक्या गावात, टीव्हीशेजारी ठेवायचं? आणि घरात तान्हं मूल! काही झालं तर?”

“मग नको कोरूस.”

“मग लेकीला दुकानातला माल दिला. टोपीवाल्या बाईला दिला तोच.”

“अर्धी कोर. कुणी विचारलं तर सांग, नाळ अजून पडायचीय.”

त्यानं माझ्यावर लाकडाचा ढलपा फेकला. नेम चांगला आहे त्याचा.

जहाज आलं. आमच्या खाडीचं तोंड अरुंद. ते दोन्ही कड्यांना दोर बांधून उभं राहतं आणि माणसं पडावातून उतरतात. पाहुण्यांच्या गळ्यात फुलं पडली, ढोल वाजले, मेजांवर टिकी मांडले गेले. ताहिआ बाळाला पोटाशी बांधून उतरली. युफ्राझीनं बाळ काढून घेतलं ते चार तास कुणाला दिलं नाही. नाव लिओनार, युफ्राझीच्या बापाचं. त्यामुळे ती ज्याला त्याला “बाबांचं नाक बघ” म्हणून दाखवत होती. बाबांचं नाक मला आठवतं. मी नारळपाण्याचा घोट घेतला.

एव्हारिस्तनं टिकी पोत्यातून काढला. तोऊच्या लाकडाचा, मधाच्या रंगाचा, नेमका सत्तर सेंटिमीटर. इतका देखणा की एक पाहुणी लगेच पुढं सरसावली. तिला त्यानं कोपरानंच मागं सारलं.

ताहिआनं टिकीला उताणा मांडीवर घेतला, तेल पुसायच्या निमित्तानं हात फिरवला आणि तिचं बोट पोटावरच्या बोटांखाली थांबलं. तिचं तोंड उतरलं.

“पापा, हा परक्यांचा आहे.”

“मजबूत आहे. वाळवी लागणार नाही.”

“मी वाळवीचं विचारलं नाही.”

एव्हारिस्तचा चांगला कान तिच्याकडे होता, त्यामुळे ऐकू आलं नाही असं करायची सोय नव्हती. “तुला शोभेलाच हवा होता ना?” तो चिडून म्हणाला. “सोफ्याच्या मधे? शोभेचा दिला.”

ताहिआनं पिशवीतून गोळ्यांची एक डबी काढली. आत कापूस, कापसात बोटाच्या पेराएवढं काळं, वाळलेलं काहीतरी. लिओनारची नाळ.

इथं प्रत्येकाची नाळ कुठल्या ना कुठल्या झाडाखाली आहे. माझी चर्चमागच्या नीरफणसाखाली, ताहिआची त्या पडवीमागं. भांडण झालं की आम्ही “जा, आपल्या झाडाखाली जाऊन बस” असंच म्हणतो.

“दोन महिने ही उशाशी घेऊन बसलेय,” ताहिआ म्हणाली. “तिसऱ्या मजल्यावर माती कुठली? कुंडीत पुरू?”

“इथं पुरू,” एव्हारिस्त पटकन म्हणाला. “तुझ्या झाडाला लागून.”

“मग तो इथला होईल, आणि वाढणार तिथं. जिन्यात पोरं विचारतील, तू कुठला? त्याचं त्या घरात काहीतरी नको का? मला वाटलं होतं, तू बेंबी कोरशील. तिच्यात ठेवता येईल.” तिनं टिकी पोत्यावर ठेवला. “राहू दे. त्या बाईला दे हा.”

एव्हारिस्त उठला, बसला, उठला. पडाववाल्यानं शेवटच्या खेपेची हाक दिली.

बोलली ती युफ्राझी. बाळ खांद्यावर, आवाज चर्चमधल्यासारखा. “कोरायची ना? मग कोर. आणि हळू ठोक, आत्ताच झोपलाय.”

“तू म्हणतेस?”

“माझ्या बापाचं नाव लावलेल्या पोराची नाळ गोळ्यांच्या डबीत राहायची का?”

त्यानं तिथंच, मेजाच्या पायाला टिकी टेकवून, बोटांच्या खाली पटाशी लावली. अंगठ्याएवढी खोबण. धार सरळ गेली. नाळ आत ठेवली, लाकडाचं बूच थोडं आतवर बसवलं, नीरफणसाच्या चिकानं फट बुजवली. युफ्राझीनं कमरेच्या पिशवीतली तीर्थाची बाटली काढून वर दोन थेंब शिंपडले. “असू दे,” ती म्हणाली, “दोन्हीकडून बरं.” पडाववाला शिव्या देत होता. एव्हारिस्तनं टिकी खलाशांच्या हातात दिला नाही. छातीशी धरून गुडघाभर पाण्यात गेला आणि लेकीच्या मांडीवर ठेवून आला.

“आता तरी बैस,” मी म्हणालो. एक विडी संपेपर्यंत बसला.

कारण मग फोन सुरू झाले. ज्यानं हजार टिकींची चौकशी केली नाही, तो रोज सकाळी धक्क्यावर येऊन, तिथं आवाज नीट येतो म्हणून, एकाचीच करू लागला. लिओनार जेवला का हे नंतर.

“तोंड कुठं केलंस त्याचं?”

“टीव्हीकडे, पापा. तेवढीच जागा आहे.”

“खिडकीकडे कर. ईशान्येला. आमच्याकडे.”

“सोफा काढावा लागेल!”

“काढ.”

असे सात महिने. मग एका सकाळी ताहिआनं सांगितलं की लिओनार धरून उभा राहतो. टिकीलाच धरून. आणि उभा राहिला की त्याच्या बेंबीत बोट घालतो.

एव्हारिस्तनं फोन खिशात टाकला, परत काढला, परत टाकला. पुढचं जहाज आलं त्या दिवशी तो धक्क्यावर चौथ्यांदा दिसला, या वेळी इस्त्रीचा सदरा घालून. चाळीस वर्षं स्वतः जाण्याऐवजी लाकडं पाठवणारा तो. बेटाबाहेर कधी पाऊल टाकलेलं नाही.

“खिळे बघायला?” मी विचारलं.

“लेकीकडे चाललोय. ती काही टिकीचं तोंड फिरवत नाही.”

“आणि पिशवीत काय?”

“पटाशी.”

“आता आणखी काय कोरायचं राहिलंय?”

“सोफा,” तो म्हणाला आणि पडावात चढला. उजवा कान पुढं करून.