चौथा ठोका

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे बाजरी पाखडणं. खायला नाही, इंजिनासाठी. ती अंगणात सूप घेऊन बसली होती. मी समोर पाटावर, मांडीवर हातभर लांबीचं पत्र्याचं इंजिन घेऊन. मी लाल बटण दाबून मान हलवायचो, ती पाखडायची. जळगावात मेहरूणच्या आमच्या गल्लीतल्या बाया भिंतीवरून बघत होत्या. एक जण म्हणाली, म्हातारा-म्हातारीला खूळ लागलं. लागलंच होतं. कसं लागलं ते सांगतो.

तिचं नाव लिहीत नाही. चाळीस वर्षांत मी तिला नावाने हाक मारली नाही, आता कशाला. शेडमधले लोक तिला फोरमनीण म्हणायचे, तेच चालवतो.

फोरमनीण फार तिखट कानाची. माहेर दोंडाईचाजवळचं, घर रुळाला लागून. शाळेत गेली नाही. मी चौथीपर्यंत गेलो, म्हणजे दोघांत मिळून चार यत्ता. पण तिचं कानाचं शिक्षण मोठं होतं. धुळ्याला आम्ही स्टेशनाच्या मागे एका खोलीत राहायचो. नळाला पाणी यायच्या आधी नळात हवा कण्हते, ती तिला घरात बसून ऐकू यायची आणि गल्लीत पहिली बादली तिची लागायची. दूध उतू जायच्या आधी ती ओट्यावरून उठून आत जायची. मी खोटं बोललो तर तेही तिला आवाजावरून समजायचं. म्हणून मी कमी बोलायला लागलो.

मी इंजिनाचा फिटर. कामाला चाळीसगावच्या शेडमध्ये, बिऱ्हाड धुळ्याला. संध्याकाळी सुट्टी झाली की धुळ्याच्या गाडीच्या इंजिनावर ड्रायव्हरजवळ उभा राहून घरी यायचो. त्या गाडीला वेळ अशी नव्हती. कधी सात, कधी नऊ. मध्येच मालगाडीही यायची. पण मी दारात पाय टाकला की तव्यावर भाकरी फुगत असायची. आधी मला वाटलं, नशीब. मग एक दिवस विचारलं, तुला समजतं कसं?

म्हणाली, "तुमनं इंजिन लंगडस."

म्हणजे तुमचं इंजिन लंगडतं. मला राग आला. वाफेच्या इंजिनाचं चाक एकदा फिरलं की चार ठोके पडतात, चारही सारखे पडायला पाहिजेत. ती म्हणाली, तीन सारखे पडतात, चौथा हलका पडतो, दमलेल्या माणसासारखा. मी दुसऱ्या दिवशी कान देऊन ऐकलं. खरंच होतं. वाफ सोडायची झडप जरा सरकली होती. मीच बसवलेली. रोज त्या इंजिनावर उभा राहून येत होतो आणि मला ऐकू आलं नव्हतं.

हे मी एका सोबत्याला हसत सांगितलं, तीच चूक झाली. गोष्ट फोरमनपर्यंत गेली. त्याने सगळ्या शेडसमोर मला उभं केलं आणि म्हणाला, "तुझ्या बायकोला धुळ्यात चुलीपुढे बसून ऐकू येतं आणि तू इथे इंजिनाखाली झोपून बहिरा?" शेड हसली. तेव्हापासून तिचं नाव फोरमनीण पडलं. कुठलंही इंजिन बिघडलं की लोक विचारायचे, घरी विचारून आलास का? मी वरून हसायचो. आतून नाही.

झडप मी त्याच दिवशी नीट बसवली. चारही ठोके असे सारखे की कोणी बोट दाखवू नये. त्या रात्री घरी आलो तर चूल गार. ती ओट्यावर बसलेली. मला बघून गडबडली.

"आते माले कसं समजी?" म्हणाली. आता मला कसं कळणार?

मी म्हणालो, फिटर मी आहे, भाकरीसाठी इंजिन बिघडलेलं ठेवू का? ती उठून चूल पेटवायला गेली. पण त्या दिवसापासून कुठलीही गाडी शिट्टी द्यायला लागली की ती दारात येऊन उभी राहायची. मालगाडी असली तरी. नोकरी संपेपर्यंत तशीच उभी राहिली. मी एकदाही म्हणालो नाही की आत बस.

वाफेची इंजिनं मोडीत निघायला लागली तेव्हा मी शेडमध्ये तेलाच्या डब्यांचा पत्रा आणि पितळी नळी जमवून ते लहान इंजिन केलं. चाकं एका सोबत्याने लेथवर काढून दिली. रिटायर होऊन जळगावला आलो, तेव्हा ते कपाटावर नुसतं बसून होतं. दोन-तीन वर्षांनी जुन्या टेपरेकॉर्डरची मोटर घालून मी ते चालतं केलं. दाखवायला तिच्यापुढे ठेवलं. तिने फिरवून बघितलं आणि म्हणाली, उघडंबोडकं आहे. अंगावर काहीच नाही.

मग तीच बसली. पत्र्याखाली जुनी रबरी चप्पल ठेवायची आणि दाभणाने आतून हलकं टोचायचं, की बाहेर रिबिटचं, म्हणजे पत्रे जोडायच्या खिळ्याचं, डोकं उठायचं. अशी ओळीने शेकड्यांनी डोकी उठवली. मी मोजपट्टी लावून बघितली, एकही ओळ वाकडी नव्हती. तांब्याच्या तारेचे दांडे केले. पुढच्या दिव्याला टॉर्चच्या बल्बची काच. मी शेडमधून आठवण म्हणून आणलेला कोळशाचा खडा तिने खलबत्त्यात कुटला आणि मागच्या डब्यात खळीने चिकटवला. धुराड्याला काळा रंग दिला होता मी. ती म्हणाली, असा चकचकीत काळा धुराड्याला कधी असतो का? दिव्यावर ताटली धरून तिने काजळी पाडली आणि बोटाने लावली. शेवटी ड्रायव्हरच्या खिडकीत नखाएवढा लाल रुमाल वाळत घातला. मी म्हणालो, रुमाल कशाला? म्हणाली, तुमचा तिथेच असायचा.

आवाजाचं खूळ रेडिओवाल्या सुभाषभाऊने घातलं. त्याचं दुकान आमच्या रस्त्यावर. पंचाण्णव-शहाण्णव साल असेल, तो मुंबईच्या बाजारातून एक चिप घेऊन आला. टेप नाही, कॅसेट नाही. लाल बटण दाबून वीस सेकंद आवाज भरायचा, दुसरं बटण दाबलं की तोच आवाज. नवा भरला की जुना पुसला जाणार. सुभाषभाऊ म्हणाला, हे डिजिटल, आवाज आकड्यांत साठतो. तिला पटलं नाही. आकड्यांत आवाज मावतो तर वास का मावत नाही, म्हणाली. त्याने चिप बसवली, मागच्या डब्यात लहान स्पीकर घातला आणि कुठल्याशा परदेशी कॅसेटवरून इंजिनाचा आवाज भरून दिला.

तिने बटण दाबलं. ऐकलं. पुन्हा दाबलं.

"हाई आपलं इंजिन नही," म्हणाली. "हाई कोणतं तरी साहेबनं इंजिन शे." हे कुठल्या तरी साहेबाचं इंजिन आहे.

सुभाषभाऊ म्हणाला, काकू, इंजिनं सगळी सारखीच. ती त्याच्याकडे अशी बघायला लागली की त्याने चहा अर्धा टाकून दुकान गाठलं. पण आपला आवाज आणायचा कुठून? ती इंजिनं मोडीत गेलेली, आवाज कोणी भरून ठेवलेला नाही. दोन महिने इंजिन मुकंच होतं.

मग एका दुपारी मी खाटेवर पडलो होतो आणि अंगणात इंजिन ऐकू आलं. खोटं सांगत नाही. चढावर ओझं घेऊन निघालेलं इंजिन. उठून बाहेर गेलो तर ही बाजरी पाखडत बसलेली. सुपातून दाणा वर उडतो, खाली पडतो, तो पडताना जो आवाज होतो तो वाफेसारखाच. तीन ठोके भरून आणि चौथा हलका. माझ्याकडे न बघता म्हणाली, वळखलं का?

तोच आवाज भरला. खरा होता. ती कणीक मळताना कोपराने बटण दाबायची आणि स्वतःशीच हसायची. मला मात्र तो चौथा ठोका खुपायचा. मी एकदा म्हणालो, नीट चार भर. ती म्हणाली, बाकीची सगळी इंजिनं नीटच होती, त्यांची कोणी वाट बघितली?

त्या वर्षी दिवाळीनंतर शेडमधल्या जुन्या लोकांचा मेळावा जळगावला ठरला. फोरमन येणार होता, ऐंशीच्या पुढचा, पण जीभ तीच असणार. मी इंजिन घेऊन जायचं ठरवलं. आणि तेव्हा डोक्यात आलं, की बटण दाबल्यावर तो काय म्हणेल. अजून लंगडतंच का रे? पुन्हा सगळे हसतील. मी तिला सांगितलं, आवाज परत भरायचा. चारही ठोके सारखे. ती म्हणाली, त्यांना हसू द्या, म्हातारे झाले, दुसरं काय उरलंय त्यांना. मी ऐकलं नाही. ती सूप घेऊन बसेना, तर मी स्वतःच लाल बटण दाबून जुना आवाज पुसून टाकला. आता भरावाच लागेल, म्हणालो.

ती सुपात बाजरी घेऊन बसली. पहिल्या खेपेला चौथा ठोका हलका पडला. मी म्हणालो, परत. दुसऱ्या खेपेलाही तेच. तिसऱ्या खेपेला ती मध्येच थांबली, खांदा चोळला, पाणी प्याली. हात भरून येतो म्हणाली. मी म्हणालो, एकदाच, नीट कर. चौथ्या खेपेला मला पाहिजे तसं झालं. तिचा चेहरा कसा होता ते मला सांगता येत नाही. मी तिच्याकडे बघत नव्हतो, ठोके मोजत होतो. पहिले दहा-बारा बरोबर आले आणि मी मोजायचं सोडलं.

सूप भिंतीला लावून ती म्हणाली, "ल्या, व्हयनं तुमनं बरोबर." घ्या, झालं तुमचं बरोबर.

भाकरी टाकायचं तिला होईना. सकाळची खिचडी होती, ती खाल्ली. पहाटे मी उठलो तेव्हा ती उठली नाही. डॉक्टर म्हणाला, झोपेतच हृदय थांबलं. खांदा दुखत होता का, असं त्याने विचारलं. मी हो म्हणालो. त्याने पुढे काही विचारलं नाही. मीही कोणाला सांगितलं नाही, आज इथे लिहितोय.

दुपारपर्यंत सगळं आटोपलं. लेक सासरहून आली. चूल पेटवायची नसते म्हणून शेजारून पिठलं-भाकरी आली होती. ती मी खाल्ली की नाही, आठवत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी लेक रडून थकून झोपली होती. मी इंजिन काढलं. मोटर लावली नाही, नुसतं बटण दाबलं आणि डबा कानाशी धरला. ठोके सारखे. चार, पुन्हा चार, पुन्हा चार. फिटरला आवडतील असे. मग अगदी शेवटी, वीस सेकंद संपताना, तीन भरून पडले आणि चौथा हलका.

पुन्हा दाबलं. पुन्हा तसंच. हात दमला होता की मुद्दाम केलं, ते तिलाच माहीत.

मी उठून आत गेलो. चूल पेटवायची नसते हे मला ठाऊक होतं. स्टोव्हला पंप मारला, पेटवला, तवा ठेवला. तवा तापला. बाजरीचं पीठ कुठल्या डब्यात असतं, ते मला माहीत नव्हतं. फळीवरचे डबे खाली घेतले आणि एकेकाचं झाकण काढत बसलो.