मांजरपाटाची पिशवी

असं समजा, तुमची पडवी आठ हात लांब आणि पाच हात रुंद आहे. मधोमध टेबल, टेबलाच्या फटीतून वर आलेलं चक्री करवतीचं पातं, आणि तुमच्या हातात सागाची फळी. फळी पुढं सरकवायची, एवढंच काम. पण फळी पात्याला भिडली की दोन तऱ्हेचा भुसा निघतो. एक जाड, रव्यासारखा. तो खाली पडतो, केरसुणीनं गोळा होतो. दुसरा इतका बारीक की तो पडतच नाही. कौलांपर्यंत चढतो, दांडीवरच्या लुगड्यावर बसतो, वाढलेल्या भातावर येतो. आणि भिंतीपलीकडे तुमची बायको खोकत असते. आता हा बारीक भुसा धरा. कसा धराल?

अंबरनाथच्या हरिचंद्रपुढं पंचावन्न साली हाच सवाल होता. तो मूळ जांभूळचा, शेतकऱ्याघरचा. लढाईच्या काळात सरकारी कारखान्यात भरती झाला आणि लाकडी खोकी करणाऱ्या खात्यात सुतारकी शिकला. घरची करवत त्यानं स्वतः बांधली होती. कारखान्यातून आला की चहा पिऊन उभा राहायचा आणि उल्हासनगरच्या फर्निचरवाल्यांसाठी पलंगाचे पाय कापून द्यायचा. अंबरनाथचं बिऱ्हाड आणि जांभूळची म्हातारी माणसं, दोन्ही घरं त्या करवतीवर उभी होती.

त्याची बायको विठा तीन पावलं चालली तरी दाराची चौकट धरून उभी राहायला लागली, तेव्हा डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं, "करवत तरी घराबाहेर काढ, नाहीतर बायकोला तरी."

"दोघी घरातच राहतील, डॉक्टर," हरिचंद्र म्हणाला. "भुसा बाहेर काढतो."

त्याला खात्री होती. लाकूड त्याचं ऐकायचं, मग लाकडाचा भुसा का ऐकणार नाही?

उल्हासनगरच्या कॅम्प एकमध्ये एक सिंधी भंगारवाला लष्करी सामान विकायचा. त्याच्याकडे लोखंडी डबीत बसवलेला एक पंखा होता. हरिचंद्रनं तो हातानं फिरवून पाहिला.

"ले जाओ साईं," भंगारवाला म्हणाला, "मिलटरी का माल है. भुसा क्या, पडोसी की टोपी खींच लेगा."

पंखा घरी आणून हरिचंद्रनं टेबलाच्या चारी बाजू फळ्यांनी बंद केल्या. खाली पत्र्याचं नरसाळं बसवलं, नरसाळ्याला नळा, नळ्याला पंखा आणि पंख्याच्या तोंडाला मांजरपाटाची लांब पिशवी. पिशवी विठानंच शिवली. कारखान्यातले ड्रॉइंगवाले श्यामकांत साहेब एका रविवारी बघायला आले. त्यांनी प्रत्येक सांध्याजवळ उदबत्ती धरली. जिथं धूर आत ओढला गेला तिथं बोट ठेवून म्हणाले, "इथून फुकटची हवा घेतोय. हे बुजव, म्हणजे सगळी ओढ पात्याखाली मिळेल."

हरिचंद्रनं खळ लावून प्रत्येक फटीवर कागद चिकटवला. दुसऱ्या दिवशी करवत सुरू केली तर पिशवी दुभत्या म्हशीच्या कासेसारखी भरली. टेबलाखाली चिमूटभर भुसा नाही. त्यानं विठाला हाताला धरून आणलं आणि दाखवलं. ती हसली, आणि हसता हसता खोकली.

महिना गेला. खोकला वाढला.

एका रविवारी त्याला परसातून दणके ऐकू आले. जाऊन पाहतो तर विठा पिशवी दगडावर टाकून कपड्यांच्या धोपटण्यानं बडवत होती. शेजारी पत्र्याचा डबा, डब्यात मधोमध बाटली उभी केलेली. बाटलीभोवती भुसा ठासायचा, मग बाटली ओढून काढायची, की भुशाची शेगडी तयार.

"हे कधीपासून?"

"पिशवी झाली तवापासून. एवढा आयता भुसा उकिरड्यावर टाकायचा? शेगडी दोन वेळा चालते."

हरिचंद्रनं धोपटणं तिच्या हातून काढून घेतलं. पिशवी कोण रिकामी करतं, हे त्यानं एकदाही विचारलं नव्हतं. पण त्याला बरंही वाटलं. चूक सापडली होती. त्या दिवसापासून पिशवी तो स्वतः झाडायचा, नाकाला फडकं बांधून, पार ओढ्याकाठी जाऊन. शेगडी गेली, चुलीत पुन्हा लाकडं आली.

खोकला जरा कमी झाला. मग तिथंच थांबला, आणि दिवाळीनंतर पुन्हा चढला.

शेजारच्या गोजरबाई औषधी चूर्णं करायच्या. विठासाठी अडुळसा आणि सुंठीची पुडी घेऊन आल्या तेव्हा करवत चालू होती. त्या पिशवीकडे बघत उभ्या राहिल्या, मग पिशवीवर बोट फिरवून बोट त्यांनी हरिचंद्रच्या डोळ्यांपुढं धरलं. बोट पिवळं झालं होतं.

"हरिचंदर, मी सुंठ कुटते ती कशातून गाळते रे?"

"मांजरपाटातून."

"जाड वर राहतं ते मी टाकते. खाली उतरतं ते छातीत जायला चांगलं. तू तेच केलंस की. जाड पिशवीत ठेवलंस आणि वस्त्रगाळ भुसा बायकोला दिलास."

हरिचंद्रनं करवत बंद केली. पंख्याचा आवाजही थांबला. पिशवी हळूहळू चपटी होत गेली, तरी तिच्या अंगातून वाफेसारखी पिवळट धूळ निघतच होती.

त्यानं दुहेरी कापडाची पिशवी केली. पंख्याची ओढ मेली आणि भुसा पुन्हा टेबलावरून उडायला लागला. घोंगडीची केली. तीन दिवसांत तिची छिद्रं भरली. नळा खिडकीतून बाहेर काढला, तर बाहेर गोजरबाईंची चूल होती. श्यामकांत साहेबांना विचारलं तेव्हा त्यांनी कागदावर दोन रेघा ओढल्या, त्या खोडल्या आणि म्हणाले, "मोठ्या कारखान्यात उंच धुराड्यातून सोडतात. धरत कोणीच नाही, हरिचंद्र."

संक्रांतीआधी विठाचा दीर जयदेव तिला जांभूळला घेऊन गेला. आठ दिवसांनी त्याचा निरोप आला, वहिनी विहिरीवरून भरलेला हंडा आणते, खोकत नाही. निरोप ऐकून हरिचंद्रला आनंद झाला, आणि मग दिवसभर कशातच मन लागेना. विठा तिथं बरी होती. तिच्या औषधासाठी आणि तिथल्या चुलीसाठी इथं करवत चालायलाच हवी होती. आणि करवत चालत होती तोवर ती परत येऊ शकत नव्हती.

रविवारी तो कॅम्पातल्या कापडबाजारात गेला. दुकानदारानं मलमल दाखवली, ड्रिल दाखवलं, तंबूचं कॅनव्हास दाखवलं. हरिचंद्र प्रत्येक कापड तोंडाशी धरून त्यातून फुंकर मारत होता. दुकानदार शेवटी वैतागला.

"अरे बाबा, सिलाना क्या है?"

काय शिवायचंय ते हरिचंद्रला नीट सांगता येईना. तो एवढंच विचारत राहिला, "ज्यातून माणसाचा श्वास जाईल, पण सुंठ गाळली तर वरच राहील, असं कापड कुठं विणतात?"