लोटनभाऊंचं शेवटचं काम

सन दोन हजार पंचवीस चालू आहे आणि मी त्र्याहत्तर वर्षांचा आहे. दोन महिन्यांपूर्वी एका दुपारी चोपड्याहून कैलासचा फोन आला, "काका, आबा गेले." पुढचं काही मला ऐकू येईना म्हणून फोन सूनबाईच्या हातात दिला. कैलासचे आबा म्हणजे माझे लोटनभाऊ. माझ्याहून पाच वर्षांनी मोठे, चोपड्याच्या जिनिंगमध्ये उभा जन्म फिटर म्हणून काढलेला माणूस. मी चौथी शिकलेला, धुळ्यात ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या बनवून पोरं वाढवली. लिहिणं माझं काम नाही. पण लोटनभाऊंच्या कामाला शेवटी शेवटी एक डाग लागला, आणि तो माझ्या हातचा आहे. म्हणून लिहितो.

आमची ओळख भांडणातून झाली. जिनिंगच्या पत्र्याच्या पाइपाचं काम घेऊन मी धुळ्याहून गेलो होतो. रुई आणि सरकी वेगळी होतात तिथे तंतूंची इतकी धूळ उडते की समोरचा माणूस दिसत नाही. ती ओढायला पंखे असतात. मी म्हणालो, पंखा मोठा बसवा, सगळं ओढलं जाईल. लोटनभाऊंनी मला पाहिजे तसं करू दिलं. पंखा चालू झाला आणि धुळीबरोबर चांगली रुईसुद्धा पाइपात जायला लागली. मालक ओरडायला लागला. लोटनभाऊंनी खिशातून कापसाचा एक पुंजका काढला, पाइपाच्या तोंडाशी दोन बोटांत धरला आणि मला नुसतं बघायला सांगितलं. पुंजका बोटांतून हिसकावला गेला. मग झडप थोडी थोडी बंद करत आणली, पुंजका ताणून सरळ उभा राहिला, पण सुटला नाही. तिथे खूण केली. एवढंच. ना टोमणा, ना हसणं. मी त्यांच्या जागी असतो तर चारचौघांत दहा वेळा सांगितलं असतं... त्या दिवसापासून मी त्यांना भाऊ म्हणायला लागलो. मी सहसा कोणाला भाऊ म्हणत नाही.

दोन वर्षांपूर्वी मी घरामागच्या शेडमध्ये ब्लास्टिंगची पेटी आणली. लोखंडी पेटी, पुढे काच, हात घालायला दोन रबरी मोजे. कॉम्प्रेसरच्या हवेने आत कण मारायचे, की जुन्या पंपाचा, मोटरसायकलचा गंज निघून लोखंड उघडं पडतं. हात रिकामे राहिले की मला घर खायला उठतं. पण धूळ! पाच मिनिटांत काच आंधळी व्हायची आणि पेटीच्या फटीफटीतून धूर निघाल्यासारखी धूळ यायची. मी आधी घरातलं कचरा ओढायचं मशीन जोडलं, ते दुसऱ्या दिवशी जळालं. मग खिडकीत पंखा लावला. त्या पंख्याने सगळी धूळ शेजारच्या गच्चीवर नेऊन टाकली, तिथे ज्वारीच्या पापडासारख्या बिबड्या वाळत होत्या. शेजारीणबाईंनी एक बिबडी माझ्या हातात दिली आणि म्हणाल्या, नाना, खाऊन बघा, वाळू पिकवली तुम्ही. मला तेव्हा खोकलाही लागला होता. मुलाने सांगितलं, धूळ थांबली नाही तर पेटी जाईल. मी चोपड्याला फोन लावला.

लोटनभाऊ तिसऱ्या दिवशी एस.टी.ने आले. जिनिंगची धूळ त्यांच्याही छातीत होती, बोलताना शीळ वाजायची. पेटीभोवती फिरले, उदबत्ती पेटवून प्रत्येक फटीपाशी धरली, धूर कुठे आत जातो, कुठे बाहेर येतो ते बघितलं. मग आम्ही जळगावला गेलो. दुकानदार मारवाडी, बोलायला गोड. सगळ्यात मोठं मशीन पुढे केलं, म्हणाला, नानासाहेब, हे घ्या, हत्ती ओढेल. लोटनभाऊ म्हणाले, "शेठ, आमले हत्ती वढना नही, धूय वढनी शे." दुकानातले सगळे हसले, शेठसुद्धा. मग ते त्याला समजावत बसले, की पेटी लहान आहे, पंखा मोठा घेतला तर आतले चांगले कणही ओढून नेईल आणि हा माणूस दिवसभर कणच भरत बसेल. लहान पंखा निवडला. त्याच्याआधी एक पिंप बसवायचं ठरवलं, हवा त्यात गोल फिरली की जड कण खाली पडतात. पंख्यापुढे कापडाची लांब पिशवी. कापडासाठी तर अर्धा दिवस घालवला. प्रत्येक कापड तोंडाला लावून फुंकर मारायचे, उन्हासमोर धरायचे. शेवटी एक जाड, आतून लव असलेलं कापड घेतलं आणि मला बजावलं, पेटीत काचेचे बारीक मणी वापरायचे, नदीची वाळू अजिबात नाही. वाळू फुटून पीठ होते, ते पीठ या कापडातूनही जाईल. मी म्हणालो, ट्रॉल्या आम्ही वाळूनेच मारल्या. तेव्हा ते माझ्या खोकल्याकडे बोट करून म्हणाले, "दिसस ती धूय थुकाई जास, नथू. दिसत नही ती छातीमा बठस."

चार दिवस राहून सगळं बसवलं. पेटीला हवा आत यायला एक भोक ठेवलं, तिथे कापसाचा पुंजका धरला, झडप लावली, खूण केली. शेडच्या पत्र्याला एक छिद्र आहे, सकाळी त्यातून उन्हाची तिरीप येते. तासभर पेटी चालवून ते त्या तिरिपेकडे बघत बसले. तिरीप नितळ होती. मुलगा म्हणाला, आबा, मानलं तुम्हाला. ते लाजले.

आता माझं ऐका. मण्यांनी लोखंड गुळगुळीत चमकतं, पण जुना गंज लवकर सुटत नाही. मला धीर नाही. आठ दिवसांनी मी पांझरा नदीची वाळू चाळून पेटीत भरली. कोणाला सांगितलं नाही. गंज सुटला झपाट्याने, आणि आठवड्यात शेड पुन्हा पांढरी झाली. मुलाने माझ्या मागे चोपड्याला फोन केला. भाऊ येतात हे कळल्यावर मी वाळू काढून डब्यात लपवली, पेटी पुसली, मणी परत भरले, पिशवी झटकली. एवढी मेहनत मी खरं बोलायला केली असती तर...

ते आले. दोन बस बदलून, दारात बसून दम घेतला, मग शेडमध्ये गेले. पिशवी उलटी केली. कापडाच्या बाहेरच्या अंगालाही पीठ आलेलं होतं. झडपेची खूण बघितली, झडप होती तिथेच. मला विचारलं, मणीच वापरतो ना? मी म्हणालो, हो. त्यांनी पुन्हा विचारलं नाही. माझ्या मुलासमोर, सूनबाईसमोर उभे राहिले आणि म्हणाले, "मनं चुकनं. कापसानी धूय मी जाणस, लोखंडनी नही. कापड निवडामा मनं चुकनं." आवाज खाली गेला नाही, मान खाली गेली नाही. चुकलो असं म्हणणारा माणूस इतका ताठ मी पाहिलेला नाही. मी जन्मात हा शब्द उच्चारला नव्हता, आणि ज्याला म्हणायची गरज नव्हती तो माझ्या दारात म्हणत होता. मी तेव्हा बोलायला हवं होतं. मी चहा सांगितला.

पिशवीवर त्यांनी दुसरा थर शिवून दिला, स्वतःच्या हाताने, चष्मा नाकावर घेऊन. त्याने पंखा गुदमरायला लागला. मुलाने पेटी बंद करून तिच्यावर गोणपाट टाकलं. भाऊ गेले, आणि पुढे आमचं बोलणं सणावाराला फोनवर तेवढं. तब्येत कशी, पाऊस कसा. पेटीचं त्यांनी कधी काढलं नाही, मी तर काढणारच नव्हतो.

दहाव्याला मी चोपड्याला गेलो. अंगणात जिनिंगची माणसं बसली होती, भाऊंचे हात कसे होते ते सांगत होती. एकाने विचारलं, शेवटची दोन वर्षं आबांनी पंख्यांना हात का लावला नाही, आम्ही किती बोलावलं. कैलास म्हणाला, "धुळ्याला एक काम फसलं. तेव्हापासून म्हणायचे, मना अंदाज आते खरा नही, दुसऱ्याला विचारा." मला हे माहीत नव्हतं. दोन वर्षं तो माणूस कापसाचा पुंजका हातात न धरता बसून होता, माझ्या एका 'हो'मुळे. शेजारच्याने माझ्याकडे चहाचा कप सरकवला. मी तो प्यालो, आणि संध्याकाळच्या गाडीने घरी आलो. तिथे, सगळ्यांसमोर, माझं तोंड उघडलं नाही. हे लिहितानाही लपवत नाही.

रात्रभर तळमळलो असेन असं वाटून घेऊ नका, मी झोपलो. सकाळी उठलो आणि लपवलेला वाळूचा डबा पिशवीत घालून पहिल्या गाडीने पुन्हा चोपड्याला गेलो. कैलास दारात दात घासत होता. मी डबा ओट्यावर ठेवला आणि सांगितलं, हे तुझ्या बापाला दाखवायचं राहिलं. काम त्यांचं बरोबर होतं, कापड बरोबर होतं. वाळू मी घातली होती, आणि विचारलं तेव्हा मणीच वापरतो म्हणालो होतो. त्याने तोंड धुतलं, डबा उघडला, वाळू चिमटीत घेऊन चोळली. बराच वेळ चोळत राहिला. मला वाटलं शिवी देईल, मी तयार होतो. तो म्हणाला, "काका, मले सांगीसन काय उपेग? आई घरमा बठेल शे. तिले सांगा."

आत गेलो. कैलासची आई, आमच्या अक्का, भिंतीला टेकून बसल्या होत्या. मी त्यांच्यासमोर जमिनीवर बसलो, आणि पहिल्यापासून पुन्हा सांगितलं.