घोड्याच्या घरातलं प्यादं

मुर्रीची नीतू ब्लाउज शिवते आणि मशीनजवळ मोबाइल उभा करून बुद्धिबळाची कोडी सोडवते. दोन चालींत मात, तीन चालींत मात. कोडं सुटलं नाही की राग शिलाईवर निघतो. खेळ तिला शिकवला सासऱ्यांनी, केशोरावांनी, तोही गावच्या कायद्यानं: प्यादं ज्या मोहऱ्याच्या घरात पोहोचेल, तेच मोहरं होईल. मोबाइलवर मात्र कुठल्याही घरात वजीर मिळतो.

आमगावच्या स्पर्धेतला शेवटचा डाव. घड्याळ पळत होतं. नीतूला मात दिसली: प्यादं पुढं, त्याचा वजीर, खेळ खतम. प्यादं शेवटच्या घरात पोहोचलं. ते घर घोड्याचं होतं आणि सवयीच्या हातानं तिथं घोडाच ठेवला. चूक कळताच ती घोडा उचलायला गेली, पण पंचांनी नकारार्थी मान हलवली. ठेवलेलं मोहरं बदलता येत नाही. शह लागलाच नाही. समोरच्यानं पुढच्या चालीत तिच्यावर मात केली.

घरी येताच तिनं दाणकन पट मांडला.

"पाहा मामाजी, इथं हारली मी."

केशोरावांनी चष्मा चढवला. "काऊन हारली वो? घोड्याच्या घरी घोडाच बसते. बरोबरच तं खेळली!"

नीतूनं घोडा उचलून फेकला आणि तिथं वजीर आदळला.

"बसा समोर. आतापासून कायदा माझा."