बिनाश्रीचं कार्ड

नरहरीकाकांचा एक किस्सा सांगाय गेलं की दुसरा मागं लायनीत उभाच असतो. पण आज आधी पैज सांगतो. त्या पैजेनंतरचे चार दिवस म्या दुकानात जीव मुठीत धरून बसलो हुतो, न् बाकीचे किस्से तवाच डोक्यात गोळा झाले.

अण्णामामाचं तुळजापुरात देवीच्या सामानाचं दुकान. माळा, परड्या, पितळी घंटा. गावोगावचे दुकानदार आमच्याकडनं माल न्यायचे. त्यांना जाणारी पत्रं दुकानाचे कारकून नरहरीकाका लिव्हायचे, वरचे पत्ते म्या. लिवून लिवून माझं अक्षर काकांसारखंच वळाय लागलेलं.

एक दिवस लॉजवाल्याचा रम्या म्हणला, "तू पत्तेच लिव्ह, मुरल्या. सातवीत दोनदा बसलेला पत्र काय लिव्हणार?"

"काय पण लिव्हतो."

"मग काकांच्या अक्षरात कार्ड लिव्ह. सरकारी नमुन्यातलं. न् पोस्टात टाक. न्हाय जमलं तर महिनाभर आमच्या लॉजच्या घागरी भर."

सरकारी नमुना मला ठावा हुता. वर श्री न्हाय, नमस्कार न्हाय, खुशाली न्हाय. सरळ 'विषय'. सोनारीच्या यात्रेत दुकान लावणाऱ्या आबाला म्या लिव्हलं, 'विषय : माल. आपला माल तयार आहे. त्वरित घेऊन जाणे.'

कार्ड पेटीत पडलं न् मग आठवलं, आदल्याच दिवशी अण्णामामानं काकांना काय सुनावलं हुतं. "काका, आता एक जरी चूक झाली तर सोलापूरचा टाइपवाला आणतो." काकांच्या घरी विधवा बहीण न् तिची दोन लेकरं. चौघांची चूल त्या एका दौतीवर.

*

पळत पोस्टात गेलो. मास्तरला म्हणलं, "एक कार्ड चुकून पडलंय, काढून द्या."

मास्तर म्हणले, "तुझ्या हातात हुतं तवर तुझं. पेटीत पडलं की सरकारचं."

"मग सरकारला सांगा की."

मास्तरनं शिक्क्याचा दांडा दाखवला. म्या परत आलो.

*

काका आधी निजामाच्या कचेरीत हुते. निजाम गेला, कचेरी मराठी झाली, न् उर्दूत मुरलेले काका घरी बसले. मग अण्णामामानं त्यांना दुकानात आणलं. पहिलंच काम, दुकानापुढची नाली तुंबल्याचा अर्ज. काकांचा अर्धा कागद 'गरीबपरवर' न् 'हुजूर' यातच सरला. नव्या तहसीलदारानं शेरा मारून परत पाठवला, 'नाली कोणत्या ओळीत आहे?'

दुसरा अर्ज काकांनी चार ओळीत लिव्हला. पण तसला कोरडा कागद गेला म्हणून त्यांना जेवण जाईना. शेवटी स्वतः कचेरीत गेले न् उरलेले सलाम तोंडी घालून आले.

तवापासनं मला सांगायचे, "कागदाचं तोंड बघून बोलायचं, बाळ. अर्ज असला की वाकायचं. नोटीस असली की ताठ उभं राहायचं. न् गिऱ्हाइकाचं कार्ड म्हणजे पाहुणा. त्याला घरात बसवून पाणी द्यायचं."

"न् बिनसहीचा कागद?"

"ते भिंतीवरचं कोळशाचं लिखाण. तुझ्यासारख्याचं."

*

दुसऱ्या दिवशी लॉरीवाल्यानं घंटांची पेटी फोडून आणली. अण्णामामा गादीवर उभाच राहिला न् लॉरीवाल्याच्या सात पिढ्या काढल्या. "लिव्हा काका, सगळं लिव्हा."

काकांनी लिव्हलं, 'आपल्याकडून अशी अपेक्षा नव्हती.'

अण्णामामानं कागद उलटापालटा केला. "म्या बोललो ते कुठं हाय?"

"तेच हाय ते," काका म्हणले. "कागदावर एवढंच मावतं."

सगळं दुकान हसलं. म्या हसलो न्हाय. दारातनं पोस्टमन चालला हुता.

*

त्याच सांजेला सोलापूरला तार करायची हुती. तारेत शब्दाला पैसे. काकांनी 'कृपया' घातलं, अण्णामामानं खोडलं. काकांनी परत घातलं.

"काका, माल मागतोय आपण, भीक न्हाय."

"म्हणूनच तर," काका म्हणले, न् त्या एका शब्दाचे पैसे बंडीच्या खिशातनं काढून दिले.

असल्या माणसाच्या नावानं म्या तसलं कार्ड धाडलेलं.

*

तिसऱ्या दिवशी काका सोनारीच्या आबाला खरं कार्ड लिव्हाय बसले. वर श्री काढलं, कोपऱ्यांना हळद लावली.

म्या विचारलं, "काका, श्री न्हाय घातलं तर?"

"सरकारी कागदाला चालतं. घरच्या कार्डाला न्हाय. वर श्री नसलं की लोक मयताचं समजतात. काही जण तर वाचायच्या आधीच उंबऱ्यावर फाडून टाकतात, घरात आणत न्हाईत."

माझ्या हातातला डिंकाचा डबा खाली पडला. काकांनी चष्म्यावरनं बघितलं.

*

चौथ्या दिवशी दुपारी चौकातनं रडण्याचा आवाज आला. बार्शीच्या गाडीनं आबा, त्याची बायको न् म्हातारी आई आलेली. म्हातारी पार चौकापासनं टाहो फोडत हुती. "अण्णा, आमच्या आधी कसा गेलास रे."

अण्णामामा गादीवर शेंगा फोडत हुता. म्हणला, "कुठं गेलो? अजून जेवायलाबी गेलो न्हाय."

म्हातारीनं त्याला बघितलं न् तिथंच कोसळली.

पाणी मारलं, कांदा फोडून नाकाला लावला. डोळे उघडंनात. आबा सांगाय लागला. कार्डावर श्री न्हाय, शिक्का तुळजापूरचा. आईनं न वाचताच फाडलं. अण्णांचं छातीचं दुखणं ठावंच हुतं. पत्त्याचा तुकडा तेवढा त्यानं खिशात ठेवलेला.

शेवटी म्हातारीनं डोळे उघडले. तिनं अण्णामामाचा हात घट्ट धरला, सोडंचना. अण्णामामानं दुसऱ्या हातानं आबाकडचा तुकडा काकांपुढं धरला. "हे कुणाचं अक्षर?"

काकांनी तुकडा उजेडात धरला. लई वेळ बघितलं. मग माझ्याकडं बघितलं.

"माझंच दिसतंय. या खेपेला पत्ताबी मीच घातलेला," म्हणले.

"म्हातारी गेली असती, काका. आजपासनं बंद. राजीनामा लिवून द्या न् जावा."

काकांनी टाक उचलला. शाईचे थेंब कागदावर पडाय लागले. "मुरल्या, बस. माझा हात चालत न्हाय. मी सांगतो, तू लिही."

ते सांगत गेले. 'अर्जदार नम्रपणे कळवतो की वयोमानामुळे...' म्या मान खाली घालून लिव्हत गेलो. कागद अण्णामामाला दिला. त्यानं मोठ्यानं वाचाय सुरुवात केली.

"'।। श्री ।। अण्णामामा, सोनारीचं कार्ड म्या लिव्हलं. रम्यासंगं पैज लावली हुती. काकांनी न्हाय लिव्हलं, ते मला वाचवाय लागलेत. आज्जीला मारायचं माझ्या मनात नव्हतं. काकांना काढू नका.'"

अण्णामामा वाकून पायातली चप्पल काढाय लागला.

काकांनी त्याच्या हातातनं कागद घेतला. वरपासनं खालपर्यंत एकदा वाचला. टाक दौतीत बुडवून माझ्यापुढं धरला.

"सही राहिली," म्हणले.